‘चा’ दिसला की ‘ऑफ’ लिहू नका

*‘‘मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात आहे. शिक्षण मराठी माध्यमात, पुढे बी.कॉम. हल्ली परदेशी ग्राहकांचे मेल मलाच लिहावे लागतात. काळ चुकत नाहीत, स्पेलिंग चुकत नाही. पण साहेब प्रत्येक मेलमध्ये ऑफ, फॉर, टू, इन यांच्याभोवती लाल गोल करून परत पाठवतात. ‘रीझन ऑफ डिले’ लिहिलं तर त्यांनी ‘फॉर’ केलं. म्हणून पुढच्या वेळी ‘कॉज फॉर डिले’ लिहिलं, तर तेही चुकलं. विचारलं की म्हणतात, वाचत जा, आपोआप येईल. नामानंतर कुठलं प्रिपोझिशन लावायचं याचा काही नियम आहे का? की शेकडो जोड्या पाठच करायच्या? साहेबांनी तपासलेला एक मेल सोबत जोडते.’’ — एक वाचक, कोल्हापूर*

ताई, नमस्कार.

तुमचा मेल गोलांसकट वाचला. तुमच्या चुका वाटेल तशा विखुरलेल्या नाहीत, एकाच जागी गोळा झाल्या आहेत, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. पाहा: उशिराचं कारण, म्हणून ‘रीझन ऑफ डिले’. मालाचं नुकसान, म्हणून ‘डॅमेज ऑफ कास्टिंग्ज’. अडचणीचं उत्तर, म्हणून ‘सोल्युशन ऑफ प्रॉब्लेम’. पाच लाखांचा चेक, म्हणून ‘चेक ऑफ फाइव्ह लॅक्स’. जिथे जिथे मनात मराठी ‘चा-ची-चे’ आला, तिथे तिथे बोटांनी ‘ऑफ’ टाइप केलं. त्याच मेलमध्ये ‘डिस्काउंट ऑन’ आणि ‘इफेक्ट ऑन डिलिव्हरी’ तुम्ही अगदी बरोबर लिहिलंय. का? कारण तिथे मनातलं मराठी ‘किमतीवर सूट’ आणि ‘डिलिव्हरीवर परिणाम’ असं होतं. ‘वर’चा ‘ऑन’ झाला आणि तो इंग्रजीलाही चालला.

म्हणजे तुम्हाला शेकडो जोड्यांशी लढायचं नाही. आपल्या षष्ठीकडे थोडं संशयाने बघायला शिकायचं आहे.

शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केलेला आठवत असेल. द्वितीया स-ला-ते, तृतीया ने-ए-शी, आणि षष्ठीला चा-ची-चे. या षष्ठीवर मराठीने कामाचा केवढा भार टाकलाय ते आपल्याला रोज वापरून जाणवतच नाही. एकच वाक्य घ्या: ‘कामगारांची पगारवाढीची मागणी’. दोन्हीकडे ‘ची’ आहे, पण दोन्ही ‘ची’ एक नाहीत. पहिला सांगतो मागणी कोण करतंय, दुसरा सांगतो मागणी कशासाठी आहे. मराठी माणूस अर्थावरून क्षणात ओळखतो. इंग्रजी मात्र इथे दोन वेगळे शब्द वापरते: ‘द डिमांड ऑफ द वर्कर्स फॉर अ पे राइझ’. करणारा ‘ऑफ’कडे, हवी असलेली वस्तू ‘फॉर’कडे. तुमच्या फाउंड्रीत लागणाऱ्या पिग आयर्नला (कच्च्या लोखंडाला) बाजारात मागणी असते तीही ‘डिमांड फॉर पिग आयर्न’.

म्हणून पहिली सवय ही लावा. ‘ऑफ’ लिहिण्याआधी मनातल्या षष्ठीला एक प्रश्न विचारा: हा ‘चा’ मालकीचा किंवा कर्त्याचा आहे, की ‘साठी’ किंवा ‘ला’ लपवून बसलाय? रजेचा अर्ज म्हणजे रजेसाठी अर्ज, म्हणून ‘ॲप्लिकेशन फॉर लीव्ह’. तापाचं औषध म्हणजे तापासाठी, म्हणून ‘मेडिसिन फॉर फीव्हर’. भाजीची कृती म्हणजे ‘रेसिपी फॉर’. उशिराचं कारण इथेही ‘फॉर’. प्रश्नाचं उत्तर म्हणजे प्रश्नाला दिलेलं उत्तर, म्हणून ‘आन्सर टू’. दाराची किल्ली म्हणजे दाराला लागणारी किल्ली, म्हणून ‘की टू द डोअर’. लग्नाचं आमंत्रण म्हणजे लग्नाला या असं सांगणं, म्हणून ‘इन्व्हिटेशन टू’. मालाचं नुकसान म्हणजे मालाला पोचलेली इजा, म्हणून ‘डॅमेज टू’. नियमाला अपवाद तर आपण मराठीतही ‘ला’ लावूनच म्हणतो, ‘एक्सेप्शन टू’. ‘चा’ काढून त्या जागी ‘साठी’ किंवा ‘ला’ घालून पाहिलं आणि अर्थ टिकला, तर ‘ऑफ’ बहुधा चुकीचा आहे.

‘बहुधा’ म्हटलं ते मुद्दाम. ही युक्ती आहे, कायदा नव्हे. ‘कॉज’ याच ठिकाणी तुमच्या पायात आला. ‘रीझन’ आणि ‘कॉज’ दोन्हींना आपण ‘कारण’ म्हणतो, पण इंग्रजी त्यांना वेगळं वागवते. कॉज म्हणजे ज्याच्यातून गोष्ट घडली ते, तो घटनेच्या उगमाशी बांधलेला, म्हणून ‘कॉज ऑफ द फायर’. रीझन म्हणजे गोष्टीचं स्पष्टीकरण म्हणून पुढे केलेलं कारण, म्हणून ‘रीझन फॉर’. हाच ‘कॉज’ जेव्हा ‘काळजीचं कारण’, ‘आनंदाचं कारण’ अशा अर्थाने येतो, म्हणजे काळजी करायला जागा आहे असं सांगायचं असतं, तेव्हा तोही ‘फॉर’ घेतो: ‘कॉज फॉर कन्सर्न’. ग्राहकाला पाठवायच्या मेलमध्ये माल का उशिरा निघाला ते सांगताना ‘रीझन फॉर द डिले’ लिहा आणि रिजेक्शनच्या रिपोर्टमध्ये दोष कशामुळे आला ते लिहिताना ‘कॉज ऑफ द डिफेक्ट’ लिहा. दोन्ही जागा तुमच्या रोजच्या आहेत, या दोन वाक्यांनी दोन्ही पक्क्या होतील.

आता खोलातली गोष्ट. मेलमध्ये ‘वुई डिस्कस्ड अबाउट’ आणि ‘वुई रिक्वेस्ट फॉर अ रिव्हिजन’ यांवरही गोल आहेत, तिथे साहेबांनी शब्द बदलला नाही, सरळ खोडला. तुम्हाला वाटेल, ‘‘डिस्कशन अबाउट बरोबर, मग डिस्कस अबाउट चूक कसं?’’ याचं उत्तर कळलं तर अर्धा विषय सुटतो.

मराठीत ‘पुस्तक वाचलं’ म्हणताना पुस्तकाला काही लागत नाही. पण त्याच क्रियापदाचं नाम केलं की ‘पुस्तकाचं वाचन’ होतं. ‘माल तपासला’, पण ‘मालाची तपासणी’. क्रियापद कर्म थेट घेतं, नामाला ते थेट घेता येत नाही, मध्ये प्रत्यय लागतोच. इंग्रजीतही नेमकं हेच आहे. ‘डिस्कस’ क्रियापद आहे, त्याला कर्म थेट मिळतं: ‘वुई डिस्कस्ड द प्राइस’. ‘डिस्कशन’ नाम आहे, त्याला मध्ये काहीतरी हवंच: ‘डिस्कशन अबाउट द प्राइस’. फरक इतकाच की मराठीत तो दुवा बहुतेकदा षष्ठीचा असतो, आणि इंग्रजीत दर नामाचा दुवा वेगळा. आपण भारतीय लोक नामाचं प्रिपोझिशन कानात घेतो आणि ते क्रियापदालाही चिकटवतो. त्यातून ‘एम्फसाइझ ऑन’, ‘ऑर्डर फॉर’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘डिस्कस अबाउट’ हे सगळं येतं. ‘आय ऑर्डर्ड टी’, पण ‘ॲन ऑर्डर फॉर टी’. ‘दे ॲटॅक्ड द फोर्ट’, पण ‘ॲन ॲटॅक ऑन द फोर्ट’. ‘वुई व्हिझिटेड द प्लांट’, पण ‘अवर व्हिझिट टू द प्लांट’. ‘इट अफेक्ट्स क्वालिटी’, पण ‘इट हॅज ॲन इफेक्ट ऑन क्वालिटी’. अशी जोडी-जोडीने वाक्यं म्हणून बघा. नुसत्या यादीपेक्षा ही लवकर मुरतात, कारण एक बाजू दुसरीला धरून ठेवते.

याच ठिकाणी एक उपयोगी कल सांगतो. शेवटी शेपूट लावून क्रियापदावरून केलेली नामं, ज्यांच्या क्रियापदाला कर्म थेट मिळतं, ती बहुतेक ‘ऑफ’ घेतात. इन्स्पेक्शन ऑफ, प्रॉडक्शन ऑफ, कॅन्सलेशन ऑफ, डिलिव्हरी ऑफ, टेस्टिंग ऑफ, रिव्हिजन ऑफ. मालाची तपासणी, मालाचं उत्पादन, दरांची फेरतपासणी: इथे आपली षष्ठी आणि त्यांचा ‘ऑफ’ छान जुळतात, तिथे घाबरू नका. तुमच्या मेलमधलं ‘रिव्हिजन ऑफ प्राइसेस’ बरोबरच आहे. याउलट जे शब्द नाम म्हणून आणि क्रियापद म्हणून जसेच्या तसे वापरले जातात, ते बरेचदा आपलं वेगळं प्रिपोझिशन घेऊन येतात: डिमांड फॉर, रिक्वेस्ट फॉर, सर्च फॉर, आन्सर टू, डॅमेज टू, टॅक्स ऑन, बॅन ऑन, इन्क्रीझ इन, डिले इन. दोन्हीकडे अपवाद आहेत. ‘सोल्युशन’ शेपटीवालं असून ‘टू’ घेतं, ‘रिडक्शन’ ‘इन’ घेतं, आणि ‘लॅक’, ‘फिअर’, ‘सप्लाय’ बिनशेपटीचे असून ‘ऑफ’ घेतात. तरी नवा शब्द समोर आला आणि कोश हाताशी नसला, तर हा कल धरून केलेला अंदाज अंधारातल्या अंदाजापेक्षा पुष्कळ बरा.

वाढ-घट यांचा उल्लेख तुमच्या कामात सारखा येणार, म्हणून तिथे थोडं थांबतो. ‘इन्क्रीझ’, ‘राइझ’, ‘फॉल’, ‘ड्रॉप’ यांच्यापुढे दोन गोष्टी येऊ शकतात: कशात वाढ आणि किती वाढ. कशात, त्याला ‘इन’. मराठीतही आपण ‘दरात वाढ’ म्हणतो, सप्तमी तुमच्या बाजूने आहे. किती, त्याला ‘ऑफ’: ‘ॲन इन्क्रीझ ऑफ फाइव्ह पर्सेंट इन स्क्रॅप प्राइसेस’. तुम्ही ‘इन्क्रीझ ऑफ स्क्रॅप रेट्स’ लिहिलंत ते ‘भंगाराच्या दराची वाढ’ मनात आल्यामुळे. ‘दरातली वाढ’ असं मनात म्हणालात तर हात आपोआप ‘इन’कडे जाईल. पेमेंटचंही असंच. रकमेला ‘ऑफ’, ज्यासाठी पैसे दिले त्याला ‘फॉर’: ‘पेमेंट ऑफ टू लॅक्स फॉर द फर्स्ट लॉट’. चेक मात्र याला अपवाद आहे, तो रकमेलाही ‘फॉर’ लावतो: ‘अ चेक फॉर फाइव्ह लॅक्स’. इनव्हॉइस आणि बिलही तसंच.

बाकी प्रत्ययांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे तुमचं फारसं अडत नाही. ‘वर’ बहुतेकदा ‘ऑन’ होतो: परिणाम, कर, बंदी, हल्ला, दबाव, भर, सूट. पण मनाच्या बाबतीत सांभाळा. विश्वास, श्रद्धा, भरवसा यांना आपण ‘वर’ लावतो आणि इंग्रजी ‘इन’ लावते: ट्रस्ट इन, फेथ इन, कॉन्फिडन्स इन. कोणावर प्रेम असेल तर ‘लव्ह फॉर’. ‘शी’ बहुतेकदा ‘विथ’ होतो, जसं कॉन्टॅक्ट विथ, ॲग्रीमेंट विथ. पण लग्न आणि साखरपुडा ‘टू’ घेतात, मॅरेज टू, एंगेजमेंट टू. ‘मॅरिड विथ’ हा प्रयोग आपल्याकडे इतका ऐकू येतो की तो बरोबरच वाटू लागतो.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. काही नामं एकटी असताना ‘फॉर’ घेतात, पण त्यांच्या आधी ‘इन’ येऊन बसला की पुढचा ‘फॉर’ जाऊन ‘ऑफ’ येतो. ‘द नीड फॉर हेल्प’, पण ‘इन नीड ऑफ हेल्प’. ‘द सर्च फॉर अ सप्लायर’, पण ‘इन सर्च ऑफ अ सप्लायर’. ‘सपोर्ट फॉर’, पण ‘इन सपोर्ट ऑफ’. ‘प्रेझ फॉर’, पण ‘इन प्रेझ ऑफ’. हे चार जण एकदा लक्षात राहिले, की तुम्हाला पडलेलं एक कोडं सुटेल: ‘नीड’पुढे कधी ‘फॉर’ आणि कधी ‘ऑफ’ का दिसतो.

काही शब्दांत प्रिपोझिशनच अर्थ ठरवतं. ‘इंटरेस्ट इन द लोन’ म्हणजे कर्ज घेण्यात रस, ‘इंटरेस्ट ऑन द लोन’ म्हणजे कर्जावरचं व्याज. बँकेच्या माणसाला लिहिताना हा घोळ परवडणारा नाही. ‘व्ह्यू ऑफ’ म्हणजे समोर दिसणारं दृश्य, ‘व्ह्यू ऑन’ म्हणजे एखाद्या विषयावरचं मत. आणि ‘टू’ आला तर तो पुढे क्रियापद घेणारा ‘टू’ आहे की प्रिपोझिशन, हे बघावं लागतं. ‘नो ऑब्जेक्शन टू पेइंग द फ्रेट’ हे बरोबर, ‘टू पे’ नाही, कारण हा ‘टू’ प्रिपोझिशन आहे आणि त्याच्यापुढे नामच लागतं.

हे सगळं ऐकून इंग्रजी फार लहरी आहे असं वाटेल. पण आपली मराठी परक्याला अशीच वाटते. आपण म्हणतो ‘मला त्याचा राग आला’, हिंदीभाषक म्हणतो ‘मुझे उस पर गुस्सा आया’. तो मराठी शिकताना ‘त्याच्यावर राग आला’ म्हणतो आणि आपल्याला काहीतरी खटकतं. उलट आपण हिंदीत ‘मैंने उसको पूछा’ म्हणतो आणि दिल्लीचा माणूस ‘उससे पूछा’ असं सुधारतो. राग ‘चा’ का, भीती ‘ची’ का, प्रेम ‘वर’ का, आदर ‘बद्दल’ का, हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. नामासोबतच ते आपल्या कानात आलं, जसं खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’ हे आलं.

म्हणूनच ‘वाचत जा, आपोआप येईल’ हा साहेबांचा सल्ला मला अपुरा वाटतो. लहानपणी ज्या भाषेत वाढलो तिथे आपोआप येतं. मोठेपणी वाचताना डोळा मोठ्या शब्दांवर थांबतो आणि ‘ऑफ’, ‘टू’, ‘फॉर’ यांच्यावरून घसरतो. ऐकूनही ते हाती लागत नाहीत, कारण इंग्रज बोलताना हे छोटे शब्द जवळजवळ गिळतो. थांबून बघितल्याशिवाय ते दिसत नाहीत.

थांबायचं कुठे? शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी कोशात. आपल्याकडचा इंग्रजी-मराठी कोश अर्थ देतो, पण नामापुढे काय येतं हे सहसा सांगत नाही. आल्बर्ट हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. शब्दाचा अर्थ माहीत असूनही त्याभोवती वाक्य कसं बांधायचं हे विद्यार्थ्यांना कळत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि सहकाऱ्यांसह तसा कोश केला. तो १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने पुन्हा छापला. आजचा ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश त्याचाच वंशज, आणि तो नेटवर फुकट बघता येतो. केंब्रिज आणि लाँगमन यांचेही तसेच कोश आहेत. ‘सोल्युशन’ उघडलंत की अर्थाच्या शेजारीच ‘टू समथिंग’ असं ठळक दिसेल. अर्थ वाचून पान बंद करू नका, ठळक अक्षरं आणि खालचं एक उदाहरण वाचा. तेवढ्याने काम होतं.

दोन पर्यायांत अडलात तर गूगल बुक्सचा एन्ग्रॅम व्ह्यूअर उघडा. ‘रीझन फॉर, रीझन ऑफ’ असे दोन्ही इंग्रजीत स्वल्पविराम देऊन टाका, छापील पुस्तकांत कुठला किती वापरलाय याच्या रेघा समोर येतात. नुसत्या गूगल शोधावर जाऊ नका, नेटवर ‘डिस्कस अबाउट’सुद्धा ढिगाने सापडतं. एन्ग्रॅममध्ये दोन्ही रेघा वरच दिसल्या, तर दोन्ही चालतात किंवा दोघांचे अर्थ वेगळे आहेत, एवढं समजून कोशाकडे परत या. ‘रिसर्च ऑन’ आणि ‘रिसर्च इंटू’ दोन्ही बरोबर, तिथे डोकं शिणवू नका.

वही करायची तर शब्दांची करू नका, तुमच्याच वाक्यांची करा. ‘डॅमेज टू’ असं लिहून उपयोग नाही. ‘डॅमेज टू फोर्टी कास्टिंग्ज’ लिहा, कारण ती चाळीस कास्टिंग तुम्ही पाहिलेली आहेत. तुमच्या कामात फिरून फिरून येणारी नामं मोजकीच असणार. जुने पाठवलेले मेल चाळा, नामं काढा, एकदा कोशात तपासा.

तुमचा मेल मी असा करीन: ‘वुई डिस्कस्ड द रीझन फॉर द डिले इन डिस्पॅच. देअर वॉज डॅमेज टू फोर्टी कास्टिंग्ज. वुई हॅव फाउंड अ सोल्युशन टू धिस प्रॉब्लेम. ड्यू टू द इन्क्रीझ इन स्क्रॅप प्राइसेस, वुई रिक्वेस्ट अ रिव्हिजन ऑफ द रेट्स.’ पहिल्या वाक्यातला ‘अबाउट’ आणि शेवटच्या वाक्यातला ‘फॉर’ गेला, बाकी ठिकाणी फक्त ‘ऑफ’ची बदली झाली. आणखी एक बारीक दुरुस्ती आहे, ती साहेबांच्याही नजरेतून सुटली: ‘अ डॅमेज’मधला ‘अ’ काढा, या अर्थाने ‘डॅमेज’ एकवचनी-अनेकवचनी होत नाही.

आता तो शेवटचा गोल. तुम्ही ‘अ चेंज इन द डिस्पॅच शेड्यूल’ लिहिलं होतं आणि साहेबांनी त्याचं ‘चेंज ऑफ’ केलं. ‘चेंज ऑफ’ तेव्हा येतो जेव्हा जुनं जाऊन त्या जागी नवं येतं: चेंज ऑफ ॲड्रेस, चेंज ऑफ ओनर. गोष्ट तीच राहून तिच्यात फरक पडला तर ‘चेंज इन’. तुमच्या मेलनुसार शेड्यूल तेच आहे, फक्त दुसरा लॉट आठवडाभर पुढे गेलाय. तिथे तुमचंच बरोबर होतं. कोशातली नोंद उघडून साहेबांना दाखवा आणि पुढच्या मेलमध्ये ‘इन’च ठेवा.